बुंदेलखंडचा नेमो आणि ‘मूळ इंग्रजीतच वाचा’

परभाषेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा मराठीत वाचणाऱ्यांना नाकं मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे कायमचा आहे. सध्या रायगडच्या किनाऱ्यावर, अगदी आमच्या मुरुडपर्यंत, या वर्गातल्या एका जाणकारांचं मत मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. ते थोडक्यात असं: अनुवादित कल्पनाकथा म्हणजे उष्टं अन्न. ज्याला इंग्रजी येतं त्याने मूळ इंग्रजीत वाचावं. ज्याला येत नाही त्याने आपल्या पुराणांत काय कमी आहे ते आधी सांगावं. अनुवादात मूळची चव उरत नाही, मराठीला हे विषय पेलत नाहीत, आयता माल मिळाला की स्वतंत्र लिहिणारे आळशी होतात, आणि मुरुड-श्रीवर्धनकडे परग्रहांच्या गोष्टी वाचायला सवड आहे कुणाला? शेवटी टाळ्या घेणारं वाक्य: मराठीने जंजिऱ्यासारखे आपले तट राखून उभं राहावं. हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणाऱ्याला वाटावं, यामागे बराच अभ्यास असेल. तो नाही. यातला एकेक मुद्दा तपासला की हाती उरतो तो इंग्रजीचा धाक आणि मराठीविषयीचा अविश्वास, आणि हा अविश्वास स्वाभिमानाच्या नावाने खपवला जातो याचा मला संताप येतो.

पहिल्यांदा तो लाडका सल्ला घेऊ: मूळ इंग्रजीत वाचा. कुठलं मूळ? या साहित्याचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागतं तो ज्यूल व्हर्न फ्रेंचमध्ये लिहीत होता. त्याच्या पुस्तकांची इंग्रजी रूपं हीच मुळात भाषांतरं आहेत, आणि त्यांतली कित्येक वाईट आहेत. पाणबुडीतून केलेल्या वीस हजार लीगच्या प्रवासाची कादंबरी 1869-70 मध्ये फ्रेंचमध्ये आली. तिचं लुईस मर्सियर यांनी केलेलं भाषांतर 1872 च्या सुमारास लंडनमध्ये निघालं आणि त्यात पाचव्या हिश्शाहून अधिक मजकूर गाळलेला होता. पुढची कित्येक दशकं इंग्रजी वाचणारं जग हेच कापलेलं पुस्तक व्हर्न म्हणून वाचत राहिलं. समुद्रशास्त्राचे तपशील गेले, हिशेब चुकले, आणि व्हर्न हा पोरासोरांसाठी लिहिणारा कच्चा लेखक आहे असा ग्रह इंग्रजीत पक्का झाला. फ्रान्समध्ये त्याच्याकडे पाहायची दृष्टी निराळी होती, कारण तिथे त्याचं पुस्तक पुरतं छापलेलं होतं. ‘मूळ’ म्हणून इंग्रजी प्रत हातात ठेवणारे आमचे जाणकार नेमकं हेच अर्धं पुस्तक पुढे करत असतात.

पण व्हर्नच्या बाबतीत झालेली खरी लबाडी याहून मोठी आहे, आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. पाणबुडीचा कप्तान नेमो कोण, कुठला, हे त्या पहिल्या कादंबरीत व्हर्नने झाकून ठेवलं. मुळात त्याच्या मनात नेमो पोलिश होता, रशियाच्या अत्याचारातून उठलेला. पण रशियातला वाचक दुखावेल म्हणून प्रकाशक एत्झेल यांनी ते होऊ दिलं नाही. तरी नेमोच्या खोलीत भिंतीवर तसबिरी आहेत त्या कोश्च्युश्को, वॉशिंग्टन, लिंकन, जॉन ब्राउन यांच्या, आणि सिंहलद्वीपाजवळ मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कपासून वाचवून हाच कप्तान त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. उलगडा होतो तो 1874-75 मध्ये आलेल्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत. मरणाच्या दारात असलेला नेमो आपली हकीकत सांगतो, तेव्हा कळतं की तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. लहानपणी युरोपात शिकायला गेलेला, परतून आलेला, 1857 च्या उठावात स्वतः लढलेला, घरदार, बायको-मुलं गमावलेला, आणि मग जमिनीवरच्या जगाकडे पाठ फिरवून समुद्रात उतरलेला. व्हर्नच्या फ्रेंच पानांवर हा माणूस त्या उठावाचा प्राण आहे आणि त्याचा द्वेष कुणाविरुद्ध आहे याबद्दल शंकेला जागा नाही.

आता इंग्रजीत काय झालं ते पाहा. डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर 1875 मध्ये लंडनला छापलेल्या भाषांतरात नेमकी हीच पानं बदलली. तिथे 1857 चा उठाव हा महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी भोळ्या प्रजेला दिलेल्या चिथावणीचा परिणाम झाला. आणि ज्या राज्याविरुद्ध नेमो लढला त्या राज्याने हिंदुस्थानला बेबंदशाहीतून बाहेर काढून शांतता आणि भरभराट दिली, असं प्रशस्तिपत्र त्याच परिच्छेदात घुसवलं. म्हणजे बंडखोराच्या जबानीतच सरकारची स्तुती भरली. ही छेडछाड झालेली प्रत शंभराहून अधिक वर्षं इंग्रजीत सर्वत्र पुनर्मुद्रित होत राहिली. संपूर्ण आणि इमानी असे नवे अनुवाद 2001 च्या सुमारास आले. एवढ्या काळात ज्या हिंदी वाचकांनी ‘मूळ’ इंग्रजी वाचल्याचा अभिमान मिरवला, त्यांनी आपल्याच देशातल्या या नायकाची जखम मालकाच्या पट्टीत बांधलेली पाहिली. याच व्हर्नची 1880 मधली आणखी एक कादंबरी उत्तर हिंदुस्थानात घडते आणि तिच्यात नानासाहेब पेशवे हे एक पात्र आहे. ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत फिलिअस फॉगची आगबोट मुंबईला लागते, आणि चितेवरून सोडवलेली औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी आहे. हे साहित्य आपल्याला परकं आहे असं सांगणाऱ्यांनी ते उघडून पाहिलं आहे का, असा प्रश्न पडतो. फ्रेंच लेखकाने नेमोला हिंदी केलं, इंग्रजी भाषांतराने त्याला गप्प केलं, आणि आमचे विद्वान सांगतात की सत्य हवं असेल तर इंग्रजीकडे जा!

व्हर्नचं एकट्याचं असं झालं असतं तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण नियमच हा आहे. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ 1961 ची. तिची 1970 मधली इंग्रजी आवृत्ती पोलिशवरून झालीच नाही. ती फ्रेंच अनुवादावरून केलेली. लेम यांना इंग्रजी वाचता येत होतं आणि ते रूप त्यांना पसंत नव्हतं. थेट पोलिशवरून इंग्रजी अनुवाद वाचकांपर्यंत पोहोचायला 2011 उजाडावं लागलं. रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांची ‘आम्ही’ ही कादंबरी 1920-21 मध्ये लिहून झाली, पण त्यांच्याच देशात ती छापली गेली 1988 मध्ये. तिचा पहिला मुद्रित जन्म 1924 मध्ये न्यूयॉर्कला, इंग्रजी अनुवादात झाला. म्हणजे या कादंबरीच्या बाबतीत अनुवाद आधी आणि मूळ नंतर! आणि ‘1984’ लिहिणारे जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 मध्ये तिचं परीक्षण लिहिलं ते फ्रेंच अनुवाद वाचून. चिनी लेखक लिऊ त्सीशिन यांची तीन सूर्यांच्या जगाची कादंबरी 2015 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळवणारी पहिली अनुवादित कादंबरी ठरली. तिच्यातला सांस्कृतिक क्रांतीचा भाग चिनी पुस्तकात मागे ढकललेला होता. इंग्रजी करताना अनुवादक केन लिऊ यांनी लेखकाच्या संमतीने तो सुरुवातीला आणला, कारण लेखकाच्या मनातला क्रम तोच होता. इथे तर अनुवाद छापील मुळापेक्षा लेखकाच्या अधिक जवळ गेला. फ्रेंच, पोलिश, रशियन, चिनी साहित्य इंग्रजीत वाचणं हे मूळ वाचणं, आणि तेच मराठीत वाचणं हे उष्टं खाणं, हा न्याय कुठल्या शास्त्रातला?

यावर एक प्रत्युत्तर येतं आणि ते टाळण्यासारखं नाही. आपले बहुतेक मराठी अनुवादही इंग्रजीवरूनच होतात, मग इंग्रजीतल्या खोड्या मराठीत उतरणारच. खरं आहे. किंग्स्टनच्या प्रतीवरून कुणी मराठी केलं तर नेमोची जबानी मराठीतही बाटलेलीच येईल. पण या दुखण्यावर औषध कोणतं? चांगली प्रत निवडणं, शक्य तिथे थेट त्या भाषेतून अनुवाद करवून घेणं. ते आपल्याला अशक्य नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोच्या प्रकाशनगृहांनी रशियनमधून मराठीत केलेली पुस्तकं महाराष्ट्रात गावोगाव स्वस्तात मिळत होती. पुणे आणि मुंबई विद्यापीठांत फ्रेंच, जर्मन, रशियन शिकवणारे विभाग आहेत. जपानी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची तर पुण्यात पिढ्यान् पिढ्यांची परंपरा झाली. दोष अनुवादाच्या सोयींत आहे, तर सोयी सुधारायच्या. वाचणाऱ्याला लाज वाटायला लावून काय साधणार?

आता ‘स्वतंत्र लेखक मरतो’ या भीतीबद्दल. ही भीती मराठीच्या इतिहासापुढे एक क्षणही टिकत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि मराठी अद्भुतकथेला वाचक मिळाला. 1900 मध्ये व्हर्नच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद मराठीत क्रमशः आला, तो कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनहून चालवलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही मराठीतली पहिल्या विज्ञानकथांतली एक म्हणून सांगितली जाते, ती 1915 ची. आधी अनुवाद, मग स्वतंत्र कथा. क्रम असा आहे. भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी व्हर्नची पुस्तकं मराठी मुलांच्या हातात दिली, आणि त्याच भागवतांच्या लेखणीतून फुरसुंगीचा बनेश उर्फ फास्टर फेणे जन्माला आला. अनुवादाने त्यांची लेखणी बोथट झाली असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात जाऊन म्हणून पाहावं. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेल्या नारायण विनायक जगताप या नावाने, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत होते आणि त्या वाचनाचं ऋण नारळीकरांनी कधी लपवलं नाही. दुसऱ्या भाषेतली गोष्ट वाचून लेखक मेला असं एक तरी उदाहरण आहे का? ऑर्वेलपासून भागवतांपर्यंत दाखले उलटेच आहेत.

लेखक खरा मरतो तो वेगळ्या कारणाने, आणि त्या जुन्या वादाबद्दल इथे बोललंच पाहिजे. परकी गोष्ट घ्यायची, पात्रांची नावं बदलायची, लंडनचं पुणं आणि ओसाड चर्चचा पडका वाडा करायचा, आणि मूळ लेखकाचं नाव कुठेच लिहायचं नाही, ही चाल मराठी मासिकांत आणि भयकथांत बराच काळ चालली. तिची बाजू घेणारे तेव्हा म्हणत, वाचकाला देशी पेहराव हवा असतो. पेहरावाला माझी हरकत नाही. ‘हॅम्लेट’चा ‘विकारविलसित’ आणि ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ झाला, तेव्हा तो उघड उघड, मुळाचं ऋण सांगून झाला, आणि मराठी रंगभूमीला त्याचा फायदाच झाला. हरकत आहे ती चोरपावलांनी आणलेल्या मालाला. आणि कल्पनाकथेत देशीकरणाचा आणखी एक तोटा आहे. ‘संशयकल्लोळ’मधला मत्सर कुठल्याही पेठेत तसाच राहतो, पण ज्या गोष्टीचा गाभाच एका विशिष्ट समाजाने पाहिलेल्या भविष्यात आहे, तिचा समाज बदलला की गाभा निघून जातो. लिऊ त्सीशिन यांच्या कादंबरीतली, चिनी सांस्कृतिक क्रांतीत बापाला डोळ्यांदेखत मारलेलं पाहणारी शास्त्रज्ञ मुलगी पुण्याच्या कॉलेजात आणून बसवली, तर तिने मानवजातीविरुद्ध घेतलेला निर्णय कुणाला पटेल? म्हणून या साहित्यात रूपांतरापेक्षा नाव सांगून केलेला, पुरता, इमानी अनुवादच हवा. उघड अनुवादाला उष्टं म्हणणाऱ्यांनी त्या बेनामी उचलेगिरीविरुद्ध कधी आवाज चढवल्याचं ऐकिवात नाही.

राहिलेले आक्षेप झटपट संपणारे आहेत. मराठीला हे विषय पेलत नाहीत म्हणणाऱ्याने ‘कृष्णविवर’ हा शब्द आज शाळकरी पोर किती सहज वापरतं ते ऐकावं. अनुवादात चव जाते, तर लेमच्या विनोदी यंत्रकथांतले बनावट शब्द मायकेल कँडेल यांनी इंग्रजीत नव्याने घडवले आणि ते पुस्तक इंग्रजीतही वाचकांनी डोक्यावर घेतलं. चव टिकवणं हे अनुवादकाचं कसब आहे, ते ज्याच्याकडे नाही त्याला दोष द्या. पुराणांबद्दल म्हणाल, तर पुष्पक विमान आम्हालाही प्रिय आहे. पण पुष्पक हे दैवी कृपेने उडतं. कप्तान नेमोची पाणबुडी विजेवर चालते, तिला मोजमाप आहे, तिच्यात हवा संपू शकते, आणि दक्षिण ध्रुवाजवळ बर्फात अडकल्यावर ती खरोखर संपायला येते. हे दोन निराळे आनंद आहेत. एकासाठी दुसरा सोडायची सक्ती कोण करतंय? आणि आपलंच पंचतंत्र पहलवीत, तिथून अरबीत, तिथून निम्म्या जगात गेलं. तेव्हा इराणी-अरबी वाचकांना कुणी उष्टं खाणारे म्हणालं नाही.

मुरुडला कोण वाचतो, हा प्रश्न मात्र मला विशेष झोंबतो, कारण तो आमच्या गावाच्या वतीने विचारल्यासारखा विचारला जातो. तालुक्यातल्या बहुसंख्य मुलांचं शिक्षण मराठीत किंवा उर्दूत होतं. इंग्रजी ती शिकतात, पण तीनशे पानी कादंबरी रात्री जागून वाचावी इतकी ती भाषा बहुतेकांना अंगवळणी पडलेली नसते. त्यांना ‘मूळ इंग्रजीत वाचा’ म्हणणं म्हणजे ‘वाचू नका’ म्हणणं. मुंबईतल्या कॉन्व्हेंटमधल्या मुलाला भविष्याची गोष्ट मिळावी आणि एकदऱ्याच्या किंवा राजपुरीच्या कोळ्याच्या मुलीला मिळू नये, असा हा स्वाभिमान आहे. आणि जंजिऱ्याचा दाखला द्यायचाच, तर तो नीट द्या. जंजिरा नुसत्या तटांनी टिकला नाही. आतली गोड्या पाण्याची तळी जितकी कामाची, तितकीच बाहेरची गलबतं. मूळच्या हबसाणातून आलेल्या सिद्दींनी समुद्रावर आरमार राखलं, पुढे मोगलांच्या चाकरीत शिरून सुरतेहून रसद मिळवली, दूरवरच्या बंदरांशी देवघेव ठेवली, म्हणून वेढ्यामागून वेढे पडूनही किल्ला 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्याच हाती राहिला. बंदरं बंद केली असती तर चार महिन्यांत तटाला शिडी लागली असती. भाषेला जंजिरा म्हणायचं असेल तर तिची गलबतंही मान्य करा.

मग मांडायचं काय? मला एवढंच म्हणायचं आहे की परभाषेतली विज्ञानकथा-अद्भुतकथा मराठीत वाचणं हा आपला जुना आणि न्याय्य मार्ग आहे, आणि आज त्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं आणि तीन-चार तासांत पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर भर यायला सहा-सात वर्षं लागतात, नारळाचं तसंच. समुद्र असाच वागू लागला तर पन्नास वर्षांनी इथे कोण राहील, काय पिकवेल, मासळी कुठे जाईल, हे प्रश्न या किनाऱ्याचे आहेत. जगातले लेखक त्यांवर कादंबऱ्या लिहीत आहेत. अमेरिकन लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 2020 मधली हवामानबदलावरची कादंबरी सुरूच होते ती उत्तर प्रदेशातल्या एका भयंकर उष्णतेच्या लाटेने, ज्यात लाखो माणसं मरतात. आपल्या देशाचं भविष्य दुसरे लोक कल्पून लिहीत असताना, ते वाचायचा, पटलं तर घ्यायचा, चुकलं तर खोडायचा हक्क मराठी वाचकाला मराठीत हवा. खोडायलाही आधी वाचावं लागतं. आणि असं वाचून वाढलेल्या मुलांमधूनच उद्या कुणीतरी दिवेआगर-मुरुडच्या किनाऱ्यावर घडणारी, कोळी आणि बागायतदारांच्या तोंडची, स्वतंत्र मराठी भविष्यकथा लिहील.

त्यासाठी करायच्या गोष्टी अवघड नाहीत. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर असावं आणि कुठल्या भाषेतल्या कुठल्या प्रतीवरून अनुवाद केला ते आत स्पष्ट छापावं. संक्षिप्त असेल तर तसं लिहावं. प्रकाशकांनी विद्यापीठांतल्या भाषाविभागांशी बोलून फ्रेंच, रशियन, जपानी पुस्तकांचे थेट अनुवाद करवून घ्यावेत आणि अनुवादकाला पोट भरेल इतका मोबदला द्यावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे. त्याखाली अनुदान घेणाऱ्या अ, ब, क, ड सगळ्या वर्गांच्या वाचनालयांनी दरवर्षीच्या खरेदीत या पुस्तकांसाठी एक कप्पा राखावा, तालुक्याच्या गावी तर नक्कीच. आणि सुरुवात करायची तर नेमोपासून करावी: रहस्यमय बेटाची ती कादंबरी फ्रेंचवरून, एक ओळही न गाळता, नेमोच्या 1857 च्या जबानीसकट मराठीत यावी आणि मुरुडच्या वाचनालयात तिच्या दोन प्रती असाव्यात. ज्यांना ती उष्टी वाटेल त्यांनी घेऊ नये. नाव नोंदवून वाट पाहणारे वाचक इथे मिळतील याची मला खात्री आहे.